बिननंबरी रस्ते: इंग्लंडच्या खेड्यांतून सायकल न्यायची तर

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त कोल्चेस्टरला आला, त्याला आता दीड वर्ष झालं. पुण्यात असताना तीन-चार बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) केलेला गडी, त्यामुळे पायांची काळजी नव्हती. आल्यावर पहिल्याच शनिवारी सायकल काढून सडबरीकडे निघाला आणि तासाभरात त्याचा फोन: "ताई, हे काय आहे? शेजारून ट्रक सुसाट जातायत, रस्त्याला कडेची पट्टीसुद्धा नाही. तू तर म्हणालीस, इथे सायकलला नंदनवन आहे!"

तो 'ए134'वर होता. गुगलला विचारलं असेल, नाहीतर बोर्ड बघत गेला असेल. बोर्ड बघत गेलं की तिथेच पोहोचतो माणूस.

चूक त्याची म्हणता येणार नाही. आपल्याकडे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला सहसा एकच धड रस्ता असतो. तो सोडला तर पाणंद, नाहीतर शेताचा बांध. आपली बरीचशी बीआरएमही म्हणूनच हायवेवरून जाते. इंग्लंडच्या पूर्व भागात, विशेषतः सफक आणि उत्तर एसेक्स या कौंट्यांमध्ये (कौंटी म्हणजे इथला जिल्हा), वेगळीच गंमत आहे. दोन गावांमध्ये तीन-चार डांबरी रस्ते असतात आणि मोटारी त्यातला एकच वापरतात, कारण तो सरळ आणि रुंद असतो. बाकीचे नुसते पडून असतात. सायकलसाठी ते कुणी बांधलेले नाहीत. मोटारींना नकोसे झाले म्हणून आपल्या वाट्याला आले. आणि कुठले रस्ते असे उरलेत, हे घरात बसून नकाशावर वाचता येतं.

आधी नंबरांचं बघू. ब्रिटनमध्ये रस्त्यांना अक्षर आणि आकडा देण्याची पद्धत 1920च्या दशकात सुरू झाली. 'ए' म्हणजे मोठ्या गावांना जोडणारे मुख्य रस्ते, 'बी' म्हणजे त्याखालचे. 'एम' म्हणजे मोटरवे, ते नंतर आले आणि तिथे सायकलला बंदीच आहे. ढोबळ मानाने 'ए'पुढे आकडे जितके जास्त, तितका रस्ता लहान. पण यात एक मेख आहे. चार आकडी 'ए' रस्ता पुष्कळदा अरुंद, वळणावळणाचा असतो आणि गाड्यांचा वेग मात्र मोठ्या रस्त्याचा असतो. माझ्या मते सायकलला सगळ्यात वाईट रस्ता हाच. दुपदरी, रुंद 'ए' रस्त्यावर निदान आपण ड्रायव्हरला लांबून दिसतो तरी. 'बी' रस्ता रविवारी सकाळी चालून जातो, संध्याकाळी पाच वाजता नाही.

यांच्याखाली 'सी' आणि अवर्गीकृत रस्ते येतात. त्यांचे नंबर कौंटीच्या दप्तरात असतील, बोर्डावर नसतात. बोर्डावर फक्त गावाचं नाव आणि अंतर. तिठ्यावर एक खांब, त्याला बाणासारखे पांढरे हात, त्यावर काळ्या अक्षरांत शेजारच्या खेड्याचं नाव आणि किती मैल, तेही पाव-पाव मैलाच्या हिशेबात. पावणेदोन, सव्वादोन, अडीच. हे वाचायला मराठी माणसाला इंग्रजापेक्षा सोपं जातं, कारण आपल्याकडे त्यासाठी एकेक शब्दच आहे. बोर्डावर नंबर नाही आणि नाव कधी न ऐकलेलं, असं दिसलं की तिकडे वळायचं. निम्मा नियम इथेच झाला.

उरलेला निम्मा नकाशात आहे. ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची सरकारी नकाशासंस्था, तिची सुरुवात 1791 सालची. तेव्हा फ्रेंचांच्या स्वारीची भीती होती, म्हणून काम सैन्याचं. तिचे गुलाबी मुखपृष्ठाचे 'लँडरेंजर' नकाशे 1:50,000 प्रमाणाचे, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. एका नकाशात 40 किलोमीटर बाय 40 किलोमीटरचा तुकडा बसतो, दिवसभराच्या सायकलला नेमका पुरेल एवढा. सडबरीच्या भागाचा नकाशा 155 नंबरचा. यात 'ए' रस्ते लालसर किंवा हिरवे, 'बी' नारिंगी-तपकिरी आणि त्याखालचे सगळे पिवळे. पिवळ्यातही दोन जाती आहेत: जाड पिवळी रेघ म्हणजे साधारण चार मीटरपेक्षा रुंद रस्ता, बारीक पिवळी म्हणजे चार मीटरपेक्षा अरुंद. बारीक पिवळ्या रस्त्यावर समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकाला थांबावं लागतं. हे ड्रायव्हरला माहीत असतं, म्हणून ज्याला घाई आहे तो तिथे शिरतच नाही. शांतता मिळते ती त्या चार मीटरांमुळे.

पांढऱ्या रेघांच्या नादी लागू नका. त्या खासगी वाटा असतात, नाहीतर शेतात जाऊन संपणाऱ्या. तुटक रेघांचंही तसंच. छोट्या तुटक रेघांची पायवाट, तिथे सायकलला हक्क नाही. लांब तुटक रेघांचा 'ब्राइडलवे', म्हणजे मूळचा घोड्यांचा मार्ग. तिथे 1968च्या कायद्यापासून सायकलला परवानगी आहे. पण कायद्याने जाता येतं म्हणजे चाक चालतं असं नाही. एकदा फेब्रुवारीत एका अॅपने मला चार किलोमीटर वाचवायचे म्हणून ब्राइडलवेवर घातलं. इथली चिकणमाती काळ्या रानातल्या चिखलाची सख्खी बहीण आहे. शंभर पावलांत चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट भरली, चाक फिरेना, आणि मी सायकल खांद्यावर घेऊन, बुटांना किलोकिलोचे लपके घेऊन बाहेर आले. पुढचा अर्धा तास काटकीने ब्रेक कोरत बसले होते. अॅपला अंतर कळतं, फेब्रुवारी कळत नाही.

नॅशनल सायकल नेटवर्कबद्दलही विचारलं जातं. निळ्या पाटीवर लाल चौकोनात नंबर, असे ते मार्ग. सस्ट्रान्स या संस्थेने 1995 साली मिळालेल्या लॉटरीच्या निधीतून हे जाळं विणायला घेतलं. काही मार्ग फार सुंदर आहेत, विशेषतः बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे. पण दर्जा सारखा नाही, आणि हे त्यांनी स्वतःही मान्य केलं: 2020 साली सुमारे एक चतुर्थांश जाळं एकतर काढून टाकलं, नाहीतर खालच्या वर्गात टाकलं. पाटी दिसली तर आनंद माना, पण डोळे मिटून तिच्या मागे जाऊ नका.

आता मुळातला प्रश्न. एवढे रस्ते आले कुठून आणि असे रिकामे का राहिले?

सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी बर्फाचा जाड थर इथपर्यंत सरकत आला होता. वितळताना त्याने खडूच्या खडकावर जाड चिकणमाती पसरून टाकली. म्हणून सफकचा हा भाग मुळात एक बुटकं पठार आहे. अख्ख्या कौंटीतली सगळ्यात उंच जागा जेमतेम 128 मीटर. त्या पठारात स्टूर, ब्रेट, बॉक्स अशा छोट्या नद्यांनी खोरी कोरली. नदी म्हणताना मला अजून लाज वाटते, आपल्याकडे याला ओढा म्हणतात. डोंगर नाहीत, सपाटीही नाही. जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते.

या मातीवर शेतं फार पूर्वीच, कुणी नकाशा न आखता, हळूहळू पडत गेली. मध्य इंग्लंडमध्ये 18व्या-19व्या शतकांत संसदेचे कायदे करून सामाईक जमिनी पट्टीने आखून वाटल्या, तिथले रस्ते आजही सरळ आणि दोन्हीकडे रुंद गवत सोडलेले दिसतात. इथे तसं क्वचित झालं. इथला रस्ता शेताच्या कडेने जातो, कोपरा आला की काटकोनात वळतो, पुन्हा वळतो. सरळ रेषेत तीन किलोमीटर असलेलं गाव रस्त्याने पाच निघतं. मोटारवाल्याला याचा वैताग येतो, आणि तो येत राहो.

दुसरं कारण कापडाचं. 15व्या-16व्या शतकांत हा भाग लोकरी कापडाने गब्बर झाला होता. लॅव्हनम हे आजचं खेडं 1524च्या करवसुलीत इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत गावांत मोडत होतं. निळीसारख्या वोड वनस्पतीत रंगवलेलं तिथलं निळं कापड परदेशी जायचं. कर्झी या गावावरूनच एका जाडसर कापडाला 'कर्झी' नाव पडलं असं मानतात. मग हलकं, स्वस्त कापड आलं, ते कोल्चेस्टरला स्थायिक झालेल्या परदेशी विणकरांनी विणलं, आणि इथली मागणी आटली. पैसा गेला, तशी जुनी लाकडी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. कारखाने आले नाहीत, मोठे रस्ते आले नाहीत, आली ती रेल्वेही बरीचशी 1960च्या दशकात उखडली गेली. आज पर्यटक ज्या वाकड्या घरांचे फोटो काढतात ती घरं आणि आपण ज्या रिकाम्या रस्त्यावर सायकल चालवतो तो रस्ता, दोन्ही एकाच मंदीची देणगी.

चढ-उतारांचा अंदाज कसा घ्यायचा? समोच्च रेषा शाळेत शिकलोय आपण सगळे. लँडरेंजरवर त्या दर 10 मीटरला असतात, मोजायच्या. रस्त्यावर बाणाचं एक टोक असेल तर चढ 14 ते 20 टक्के, दोन असतील तर 20च्या वर. सफकमध्ये ही टोकं फारशी सापडत नाहीत. पण मला त्याहून आवडणारी युक्ती गावांच्या नावांची आहे. कुठल्याही गावाच्या नावापुढे 'टाय' लागलं, जसं कर्झी टाय, लिंडझी टाय, नेजिंग टाय, की ते गाव वर पठारावर असणार. टाय म्हणजे जुन्या इंग्रजीत गायरान. आणि 'फर्ड' असा शेवट आला, बॉक्सफर्ड किंवा लाँग मेलफर्ड, की ते पाण्याकाठी, खाली, कारण 'फोर्ड' म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा. आपण नाही का, नावात 'खिंड' ऐकली की गिअर उतरवायला घेतो, तसंच. फर्डवरून टायकडे निघालात तर चढ, टायवरून फर्डकडे निघालात तर मजा.

हे चढ तीस-चाळीस मीटरचे. ऐकायला किरकोळ. मावसभाऊसुद्धा हसला होता: "सिंहगड चढणाऱ्याला चाळीस मीटर?" त्याला मी एक गणित घातलं. एक किलोमीटर चढ ताशी 12 किलोमीटरने चढलास आणि पुढचा एक किलोमीटर उतार ताशी 40ने उतरलास, तर सरासरी किती? तो म्हणाला 26. उत्तर आहे साडेअठरा. कारण चढाला पाच मिनिटं गेली आणि उताराला दीड मिनिट. चढावर गमावलेला वेळ उतारावर परत मिळत नाही. शक्तीचंही तेच: वर नेलेली शक्ती उतरताना हवा खाऊन टाकते, आणि उरलेली ब्रेक खातात, कारण इथल्या प्रत्येक उताराच्या तळाशी एकतर काटकोनी वळण असतं, नाहीतर अरुंद पूल. घाटात एकदा लय लागली की तासभर एका गिअरवर जाता येतं. इथे दर दहा मिनिटांनी लय मोडते. शंभर किलोमीटरच्या फेरीत अशा तुकड्यातुकड्यांनी सात-आठशे मीटर सहज चढून होतात, आणि डोंगर एकही दिसलेला नसतो.

तेव्हा सरासरी वेगाची अपेक्षा घरी ठेवून या, आणि जास्त दातांची मागची चकती घेऊन या.

आता जिथे जपायला हवं ते. या अरुंद रस्त्यांवर एक पांढरी गोल पाटी दिसते, तिच्यावर काळी तिरकी पट्टी. तिचा अर्थ 'राष्ट्रीय वेगमर्यादा', म्हणजे अशा रस्त्यावर मोटारीला ताशी 60 मैल, जवळपास 96 किलोमीटर. साडेतीन मीटर रुंदीच्या, दोन्ही बाजूंना डोक्याएवढं झुडपी कुंपण असलेल्या रस्त्यावर! अर्थात तसा कुणी शहाणा चालवत नाही, पण वळणापलीकडे शहाणाच असेल याची हमी नाही. म्हणून आंधळ्या वळणावर कडेला चिकटायचं नाही, थोडं मध्याकडे यायचं, म्हणजे आपण लवकर दिसतो. 2022 साली हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, हे स्पष्ट लिहिलं गेलं: शांत रस्त्यावर सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून जावं, आणि मोटारीने ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं. गाडी मागे आली की मात्र जिथे रुंदी मिळेल तिथे बाजूला होऊन तिला जाऊ द्यायचं. ड्रायव्हर हमखास हात वर करतो, आपणही करायचा. हॉर्न वाजत नाही. हॉर्न इथे शिवी समजतात.

घोडा दिसला तर घंटीसुद्धा नको. लांबूनच, साध्या आवाजात 'हॅलो' म्हणायचं. माणसाचा आवाज आला की घोडा बिथरत नाही, आणि वर बसलेली व्यक्ती सांगते, या पुढे.

रस्त्याच्या मधोमध गवत उगवलं असेल तर तो रस्ता शांत आहे याची खात्री बाळगा, आणि चाक गवताच्या डावी-उजवीकडे जिथे टायर घासून डांबर साफ झालंय तिथेच ठेवा. मध्ये खडी साचते. 25 मिलीमीटरचे कडक टायर इथे हौसेचे. 28 किंवा 32 बरे. आणि सप्टेंबरपासून दोन ट्यूब जास्त. कारण पक्ष्यांच्या विणीसाठी मार्च ते ऑगस्ट कुंपणं छाटायला बंदी असते. ती उठली की ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची कुंपणं सपासप कापत सुटतं आणि रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. बाभळीची आठवण येते. त्याच सुमारास शुगर बीट निघायला लागतं आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती रस्त्यावर येते. वर पाऊस पडला की साबण. मे आणि जून हे खरे महिने: पहाटे पावणेपाचच्या सुमारास उजाडतं, रात्री नऊच्या सुमारास मावळतं, कुंपणांवर पांढरा बहर. डिसेंबरमध्ये पावणेचारला अंधार पडतो, तेव्हा दिवे नसतील तर निघूच नका.

वारा बहुधा नैर्ऋत्येकडून. म्हणून शक्य तर जाताना त्याच्याशी भांडायचं आणि दमल्यावर पाठीवर घ्यायचा.

मावसभावाला मी पुढच्या महिन्यात जी फेरी घालून आणली ती साधारण पन्नास किलोमीटरची. सडबरी ते लाँग मेलफर्ड, तिथून लॅव्हनम. लॅव्हनमहून सगळे 'ए1141'ने जातात, आम्ही प्रेस्टनकडे वळलो आणि केटलबॅस्टन करून ब्रेटच्या खोऱ्यात चेल्सवर्थला उतरलो. सात-आठ किलोमीटरमध्ये दोन गाड्या आणि एक पोस्टाची लाल व्हॅन. एका फाटकाशी अंड्यांचे खोके आणि पैसे टाकायला डबा ठेवलेला, माणूस कुणी नाही. तो तिथे उभा राहून डबा बघत राहिला. मग म्हणाला, "अंडी कुठे ठेवणार, नाहीतर घेतली असती."

पाणी चर्चच्या आवारात भरलं. सफकमध्ये मध्ययुगीन चर्च पाचशेच्या आसपास आहेत, म्हणजे कुठेही असलात तरी पुढच्या टेकाडावर एक मनोरा दिसतोच, आणि आवारात फुलांना पाणी घालायला पुष्कळदा नळ असतो. पबमध्ये जेवायचं तर दोनच्या आत पोहोचा. नंतर स्वयंपाकघर बंद, आणि मग बटाट्याच्या चिप्सच्या पाकिटावर दिवस काढावा लागतो.

लिंडझीजवळ गवताने शाकारलेलं तेराव्या शतकातलं एक एवढंसं प्रार्थनाघर आहे, तिथे टेकलो आणि मग कर्झीला आलो. या गावाचा एकच रस्ता, दोन्ही बाजूंनी घरं, उतरत उतरत ओढ्यात जातो आणि पलीकडून चर्चकडे चढतो. पूल नाही, रस्ताच पाण्यातून. बदकं मधोमध बसलेली. कडेला पायी जाणाऱ्यांसाठी कठड्याची अरुंद वाट आहे, आणि मी त्याला दोनदा सांगितलं की तिथून सायकल हातात धरून ये, पाण्याखाली शेवाळ असतं. पण समोर पाणी, वीतभर खोल, आणि पाठीमागे ओळीत बसलेले चार म्हातारे प्रेक्षक. तो गेला पाण्यातून. मध्यापर्यंत छान गेला. मग पुढचं चाक एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. बदकं जराही हलली नाहीत. म्हाताऱ्यांपैकी एकाने फक्त घड्याळ पाहिलं, जणू दर शनिवारची वेळ जुळतेय का ते बघत होता.

तिथून बॉक्सफर्ड, एडवर्डस्टन आणि सडबरी. सडबरीहून मार्क्स टेला जाणारी छोटी गाडी तासाला एकच असते. आमची चार मिनिटांनी चुकली. फलाटावर तो अनवाणी बसला आणि बाकावर मोजे वाळत टाकून लँडरेंजर उलगडत म्हणाला, "ताई, हे थॉर्प मोरिए कुठलं? इकडे सगळं बारीक पिवळंच दिसतंय."